साडूंचा कागद आणि माझी शाई

जगात आजवर जे काही छापलं गेलं ते सगळं चुकीच्या कागदावर छापलं गेलं, असं ठामपणे मानणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. बायकोच्या बहिणीचा नवरा निवडण्याचा हक्क माणसाला नसतो. असता तर मी एखादा बँकेतला, जेवण झाल्यावर सोफ्यावर डुलक्या काढणारा, निरुपद्रवी साडू निवडला असता. हे गृहस्थ डुलक्या काढत नसत. दर रविवारी कोपरखैरण्याहून रिक्षा करून घणसोलीला आमच्याकडे येत, पोटभर जेवत, आणि हात पुसायला दिलेला कागदी रुमाल उजेडाकडे धरून त्यातून पंख्याकडे बघत म्हणत, "साडूभाऊ, ह्याच्यावरसुद्धा एक छान गोष्ट मावेल." आणि मी, ज्यानं पावणे गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ऑफसेट छापखान्यात एकतीस वर्षं घालवली, शेवटची दहा वर्षं छपाई विभागाचा प्रमुख म्हणून, तो मी बडीशेप चघळत बसत असे. घरी आलेल्या माणसाशी भांडू नये असं हिचं म्हणणं होतं. येणारा माणूस भांडायलाच येत असेल तर काय करावं, हे मात्र ती सांगत नसे.

साडूंना कागद कळायचा तो जिभेनं. लग्नाची पत्रिका हातात पडली की लोक मुहूर्त बघतात, जेवण कुठे आहे ते बघतात. साडू पत्रिकेचा कोपरा फाडून तोंडात टाकत आणि डोळे मिटून चावत. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः उभं राहून छापून घेतली होती. जाड, गुळगुळीत, सोनेरी अक्षरांची. होणारे व्याही बैठकीला समोर बसलेले. साडूंनी कोपरा फाडला, चावला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "ह्यात माती फार आहे." आता गुळगुळीत कागदावर एका पांढऱ्या मातीचा लेप दिलेला असतो, हे अगदी खरं आहे. पण जे जे खरं ते ते व्याह्यांसमोर सांगायलाच हवं असा काही नियम नाही. व्याही भला माणूस. त्यांनी घाबरून हातातली पत्रिका खाली ठेवली आणि पुढची दहा मिनिटं पाणी पीत राहिले.

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद असतो ना, ज्याच्यावर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत धोक्याच्या सूचना असतात, तो साडूंचा सगळ्यात लाडका. "सोळा घड्या घातल्या तरी फाटत नाही! आणि छापतात काय, तर चक्कर येऊ शकते, मळमळू शकतं. कोणी वाचतं का? ह्याच कागदावर गोष्ट छापली असती तर पेशंट औषध घ्यायच्या आधीच बरा झाला असता." त्यांनी ह्या कागदांचे गठ्ठे जमवले होते. रक्तदाबाच्या गोळ्या ते स्वतः घेत होतेच, पण तेवढ्या कागदांनी त्यांचं भागेना. मग ते केमिस्टकडे जाऊन विचारू लागले, "गोळ्या नकोत, नुसता कागद मिळेल का?" केमिस्टनं मेहुणीबाईंना, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीला, बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काकी, काका बरे आहेत ना?"

ह्या सगळ्या उद्योगामागे साडूंचा एक सिद्धांत होता. मुलांची चित्रांची पुस्तकं, ज्यांना ते शेवटपर्यंत 'चित्रकथा' म्हणत आणि बाकीचं जग कॉमिक म्हणतं, ती उसाच्या रसाच्या हाफ ग्लासाच्या किमतीत मिळाली पाहिजेत. एक पैसा जास्त नाही. का? तर मुलाच्या मुठीत जेवढी नाणी मावतात तेवढ्यात रसही येतो. "रसवाल्यासमोर उभं राहून मुलाला स्वतःला ठरवता आलं पाहिजे, की रस प्यायचा की गोष्ट वाचायची. आई नाही, बाप नाही, वाढदिवस नाही. ते स्वतः घेईल ते पुस्तक त्याचं. तुम्ही दिलेलं पुस्तक तुमचं." आणि ह्यासाठी कागद हलका हवा, वर्तमानपत्राचा असतो तसला, मळकट, खरबरीत, दोन वर्षांत पिवळा पडणारा. पिवळा पडेल म्हटलं की साडू खूष होत. "पडू दे की! पुस्तक फाटलं पाहिजे, पिवळं पडलं पाहिजे. कोरंकरकरीत राहिलं म्हणजे कोणी वाचलंच नाही."

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा तर दोघी बहिणींना पंच म्हणून बसवलं.

"साडूभाऊ, पुस्तकाची किंमत म्हणजे नुसता कागद नव्हे. चित्रकाराला पैसे द्यावे लागतात."

"चित्रकार मी. फुकट. पुढे?"

"छपाईच्या प्लेटा कराव्या लागतात."

"त्या एकदाच ना? भरपूर छापा, खर्च वाटला जाईल. पुढे?"

"बांधणी."

"मध्ये दोन पिना. पुढे?"

"दुकानदार त्याचा हिस्सा मागतो."

"रसवाल्याकडे ठेवू. तो फार तर म्हणेल, काका, आलात तर रस घेऊन जा. पुढे?"

"पुढे आता श्रीखंड," हिनं निकाल दिला आणि उठली.

आता वय झालंय, लिहायला बसलोच आहे, तर हेही लिहून टाकतो. थोड्या प्रती काढल्या तर स्वस्त कागदाची बचत कुठे दिसतही नाही, हे माझं म्हणणं बरोबर होतं. भरपूर काढल्या तर खर्चाचा मोठा घास कागदच खातो, हे त्यांचं म्हणणंही बरोबर होतं. पण घरातल्या वादात माणूस आपलं अर्धं खरं तेवढं मोठ्यानं बोलतो आणि समोरच्याचं अर्धं खरं ऐकू आलं नाही असं दाखवतो. मी तेच करत असे, आणि मनातून त्यांना मूर्ख म्हणत असे. मूर्ख म्हणायला त्यांनी मला कधी कारणांचा तोटा पडू दिला नाही. वाशीच्या एका मॉलमधल्या पुस्तकाच्या दुकानात जाऊन त्यांनी प्लॅस्टिकमध्ये बंद केलेल्या नऊ चित्रकथा फोडल्या आणि जमिनीवर मांडी घालून तिथल्या पोरांना वाचायला दिल्या. पहारेकऱ्यानं दंड धरला तेव्हा हे म्हणाले, "माझे साडू छपाईतले मोठे अधिकारी आहेत, त्यांना विचारा, पुस्तक बंद ठेवायला छापतात का." त्या दुकानाच्या मॅनेजरचा मला आलेला फोन, मी मागितलेली माफी, आणि नऊच्या नऊ पुस्तकं विकत घेऊन बाहेर पडताना साडूंनी प्रत्येकावरची किंमत मोठ्यानं वाचून दाखवणं, हे मी विसरलेलो नाही.

पण मी खरा दुखावलो तो नातीच्या वाढदिवसाला. आमच्या छापखान्यानं खाडीवरच्या पक्ष्यांचं एक पुस्तक छापलं होतं. माझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम. भारी कागद, रोहित पक्ष्याचा गुलाबी रंग तर असा उतरला होता की बोट लावलं तर पीस हाताला लागेल. नात पाच वर्षांची झाली तेव्हा आलेल्या प्रत्येक मुलाला मी त्याची एकेक प्रत दिली. साडूंनी एक प्रत घेतली, मागची किंमत बघितली, आणि म्हणाले, "हे पुस्तक मुलांसाठी नाही. मुलांच्या मामांसाठी आहे." मग पोरांना गोळा केलं. "चला रे, कोण हे घडी घालून चड्डीच्या खिशात घालून दाखवतो?" पोरं पुस्तकं वाकवायला लागली. पुस्तक वाकेना, खिशात जाईना, एकाची चड्डीच खाली आली. हॉल हसला. माझे छापखान्यातले दोन सहकारी आले होते, ते हसले. माझी नात टाळ्या वाजवून हसली. मीही हसलो, कारण यजमान होतो. मनात मात्र ते कुठे तरी घट्ट बसलं.

साडू मूळचे आरेखक. सरकारी खात्यात नकाशे काढायचे. कोपरखैरणे, घणसोली इथले सेक्टर जेव्हा नुसते कागदावर होते तेव्हा त्यांच्या रेघा साडूंनी ओढल्या होत्या. रेघ बाकी त्यांची बघण्यासारखी. केसासारखी बारीक, आणि एका श्वासात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन वर्षं घरात बसून एक चित्रकथा काढली. बत्तीस पानं. नाव 'निवट्या निघाला फिरायला'. निवटा म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारा, डोळे डोक्यावर घेऊन उड्या मारणारा मासा. इथल्या गावांतली मंडळी त्याचं कालवण करतात. साडूंनी त्याला नायक केला. म्हणाले, "मी जिथे रेघ मारली तिथे हा राहत होता. नकाशात ह्याची खूण नव्हती. ती आता काढतो." ह्यावर मी म्हणालो, "वा! रोज ताटात येणारा प्राणी नायक. मुलांना जेवण जाणार नाही." ते माझ्यावर रागावले नाहीत. मला पहिली चित्रं दाखवून म्हणाले, "छापणार तुम्ही, साडूभाऊ. तुमच्याशिवाय ह्या कागदाला हात लावायची कोणाची लायकी नाही." कागदाचे गठ्ठे त्यांनी स्वतः निवडून आणले होते. अर्थातच चाखून.

आता मी जे केलं ते सांगतो, आणि छपाई न कळणाऱ्यालाही समजेल असं सांगतो. गुळगुळीत कागदावर शाई वरच्या वर बसते. साधा कागद शाई पितो. त्यामुळे साध्या कागदावर छापायचं असेल तर प्लेटा, म्हणजे ज्यांवरून चित्र कागदावर उतरतं ते पत्रे, जरा फिकट करून घ्यायच्या आणि मशीनवर शाई सोडणाऱ्या चाव्या आवळून शाई कमी करायची. नाही केली तर रेघ पसरते, शेजारच्या रेघेला मिळते, आणि चेहऱ्याचा डाग होतो. हे छापखान्यात सहा महिने काढलेल्या माणसालाही कळतं. मी एकतीस वर्षं काढली होती.

त्या दिवशी मशीनवर एका हॉटेलाचं गुळगुळीत माहितीपत्रक चाललं होतं. ते संपल्यावर मोकळ्या वेळात साडूंचं काम घ्यायचं ठरलं होतं. प्लेटा मी फिकट करायला सांगितल्या नाहीत. चाव्या होत्या तशाच ठेवल्या. मशीनमन बोनकोडे गावचा, माझ्याच वयाचा, हात अत्यंत जाणता. पहिले चार कागद बाहेर आले तसा तो ते घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"सायेब, यो कागुद शाई पितंय. चाव्या बंद कराला लागतील थोऱ्या. बगा, सगल्यांची तोंडा काली झाली."

"चालू दे."

"चालू दे काय? निवटा कंचा नि चिकल कंचा, कलत नाय. कागुद चांगला हाय, सायेब. शाईच लय हाय."

"तुला पगार मशीन चालवायचा मिळतो ना? मग चालव."

त्यानं माझ्याकडे बघितलं. निवटा बघावा तसं बघितलं, म्हणजे चिखलात काय आहे ते एकदा नीट बघून घेतलं. मग गेला आणि मशीन चालू केलं. मी काचेच्या केबिनमध्ये बसून राहिलो. एका चावीला हात लावला असता तर काम होत होतं. मी स्वतःला सांगत होतो, एकदा त्यांना धडा मिळू दे. वय वाढलेल्या माणसाला धडा देण्याची हौस फार वाईट. त्यात आपण शिक्षक असल्याची ऐट मिळते आणि पोटातला जुना राग साळसूद दिसतो.

प्रकाशन कोपरखैरण्याला, साडूंच्या सोसायटीच्या गणपतीच्या मंडपात झालं. गठ्ठे बांधलेलेच आले होते. साडूंनी ते आधी उघडले नव्हते. मुलांच्या समोरच उघडायचे म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा झब्बा घातला होता. समोर मुलं रांगेत, प्रत्येकाच्या मुठीत नाणी, कारण फुकट द्यायचं नाही ही अट. पहिल्या मुलीनं पुस्तक घेतलं, उघडलं, बराच वेळ बघितलं.

"आजोबा, ह्याच्यात कोण कोण आहे?"

साडूंनी वाकून बघितलं. मग दुसरी प्रत उघडली. मग तिसरी. तोवर शाई मुलांच्या बोटांना लागली होती, बोटं कपड्यांना.

"काका, नवीन ड्रेस आहे हो तिचा!" एक आई मागून ओरडली. "हे जाणार पण नाही आता!"

सेक्रेटरीच्या हातात माइक होता, आणि माइक हातात असला की त्यांना विनोद सुचतात. "काय काका, कॉमिक आहे की कार्बन पेपर?" मंडप हसला. नातीच्या वाढदिवसाला हॉल हसला होता त्याच्या दुप्पट हसला. मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही, पण थोडा झाला, हे लपवत नाही.

साडूंनी गर्दीत मला शोधलं. "साडूभाऊ, तुम्ही तिथे होतात. असं का झालं?"

सेक्रेटरीनं माइक माझ्यापुढे धरला. खरं सांगायला तीन शब्द पुरले असते. मीही तीनच शब्द बोललो. "कागदच तसा हो." आणि मग, लोक ऐकतायत म्हटल्यावर, पुढे बोलत सुटलो. हलका कागद घेतला की असंच होतं, दर्जाला किंमत मोजावीच लागते, हौस वेगळी आणि धंद्याचं ज्ञान वेगळं. लोकांनी माना डोलावल्या. एवढा अनुभवी माणूस, आणि स्वतःच्या साडूविरुद्ध बोलतोय, म्हणजे निःपक्षपाती असलाच पाहिजे. साडूंनी मुलांना एकेक करून नाणी परत केली आणि माझ्याजवळ येऊन हात जोडले. "बरं झालं स्पष्ट सांगितलंत. मी उगाच इतकी वर्षं तुमच्याशी भांडलो."

त्यानंतर हा माणूस भांडलाच नाही. नऊ वर्षं. रविवारी यायचे, जेवायचे, कागदी रुमालानं हात पुसायचे आणि तो चुरगाळून ताटात टाकायचे. औषधांच्या कागदांचे गठ्ठे रद्दीवाल्याला गेले. लग्नाची पत्रिका आली की मुहूर्त बघायचे, जेवण कुठे आहे ते बघायचे. आणि नातवंडांच्या वाढदिवसाला गुळगुळीत, जाड, न वाकणारी पुस्तकं आणायचे, माझ्या हातात देऊन विचारायचे, "हा कागद बरा आहे ना, साडूभाऊ?" मी हो म्हणायचो. हवा होता तसला साडू मला अखेर मिळाला. जेवण झाल्यावर तो सोफ्यावर डुलक्या काढू लागला. मेहुणीबाई एकदा ओट्याशी हिला सांगत होत्या, "अगं, हे घरात पेन्सिल धरतच नाहीत. दुधाचा हिशोबसुद्धा मला लिहायला सांगतात." मी बाहेर वर्तमानपत्र वाचत होतो. मी पान उलटलं.

परवा घरच्याच एका साखरपुड्यात आमचा जावई सहज म्हणाला, "काय ही कॉमिक्सची किंमत! साध्या कागदावर का नाही छापत? स्वस्त पडेल की." सगळ्यांनी साडूंकडे बघितलं. आता बसा व्याख्यान ऐकत, अशा तयारीनं दोघांनी तर खुर्च्याही मागे घेतल्या. साडू शांतपणे म्हणाले, "नाही होत. आम्ही करून पाहिलंय. कागदच तसा असतो." आणि माझ्याकडे हात करून, आदरानं, "ह्यांना विचारा. ते त्यातले आहेत." माझं खोटं त्यांच्या तोंडून इतक्या विश्वासानं बाहेर आलं की मला हातातली वाटी खाली ठेवावी लागली. माणसाची फजिती केली, तर ती चार दिवसांची. मी त्यांचं मतच काढून घेतलं होतं, आणि ते मत बरोबर होतं.

बुधवारी दुपारी एकटाच रिक्षा करून कोपरखैरण्याला गेलो. साडू खिडकीशी बसले होते.

"आज रविवार आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. साडूभाऊ, तो कागद चांगला होता."

"कुठला?"

"निवट्याचा. शाई जास्त होती. मी जास्त ठेवली. मशीनमननं सांगितलं होतं, मी त्याला गप्प बसवलं. चुकून नाही, मुद्दाम."

मेहुणीबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

"का पण?" साडूंनी विचारलं.

मी नातीचा वाढदिवस सांगितला. चड्डीचा खिसा, हसणारा हॉल, सगळं. साडू कपाळाला आठ्या घालून आठवत राहिले. "असं म्हणालो होतो मी? मला आठवत नाही हो." ते खोटं बोलत नव्हते. इतकी वर्षं जे मी उराशी धरून होतो ते त्यांच्याकडे कुठे नोंदलंही नव्हतं.

"भाऊजी," मेहुणीबाई म्हणाल्या, "दोन वर्षं हे डोळे फोडून काढत होते. पाठ लागली की जमिनीवर आडवे व्हायचे, परत उठून बसायचे. तुम्ही तेव्हा बघायला येत होतात. खुर्चीवर बसून भजी खात होतात." आणि नेहमी हातात देतात तो कप त्यांनी माझ्यापासून जरा लांब, टेबलाच्या कडेला ठेवला.

साडूंचं भलतीकडेच लक्ष होतं. "म्हणजे शाई कमी केली असती तर रेघा राहिल्या असत्या?"

"राहिल्या असत्या."

"डोळ्यांतले ठिपके?"

"तेही."

"म्हणजे छापता येतं."

"येतं. तेव्हाही येत होतं."

"अगं, ऐकलंस का?" ते मेहुणीबाईंकडे वळून ओरडलेच. "येत होतं! कागद चांगला होता!" नऊ वर्षांनी त्या माणसाचा आवाज चढला, आणि तो माझ्यावर नव्हता. त्यांनी मला एक शिवी दिली असती तर मी सुखानं घरी गेलो असतो. मी म्हणालो, परत काढा, मी कुठूनही छापून आणतो, ह्या वेळी प्रत्येक चावीला स्वतः हात लावतो. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटं थरथरत होती. "आता रेघ येत नाही," ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही, सेक्टरचा नंबर सांगावा तसं. "पण तुम्ही हे लिहून द्या, साडूभाऊ. मंडपात बोललात ना? मग चार माणसांना वाचता येईल असं लिहा." मी माफी मागितली. तिचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलेलं काम तेवढं मी हे करतो आहे.

मग त्यांनी दिवाणाखालचा एक गठ्ठा ओढायला सांगितला. वरची प्रत काढली, चष्मा लावला, आणि पहिलं पान उघडलं. पानभर काळा डाग. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा निवट्या. झोपेतून उठून वर बघतोय, कारण वर ट्रक आलाय. मातीचा." पुढचा डाग. "इथे तो वॉचमनला विचारतो, माझं घर कुठे? वॉचमन म्हणतो, रजिस्टरमध्ये सही कर." ते स्वतःच हसले. मेहुणीबाई पदराला हात पुसत येऊन बसल्या. "हा नकाशावाला, मीच आहे. मिशी होती, आता दिसत नाही. इथे ही मुलगी, शाळेतून येणारी. तिनं पाण्याची बाटली रिकामी करून निवट्याला आत घेतलंय. इथे ती त्याच्याशी बोलते, आणि तो बाटलीतून बुडबुडे सोडतो. सतरा बुडबुडे काढले होते." डागांवरून त्यांचं बोट फिरत होतं आणि मी पाहत होतो. पुस्तकाची प्रत्येक प्रत माझ्या डोळ्यांदेखत मशीनमधून बाहेर आली होती. गोष्ट मात्र मी त्या दुपारी पहिल्यांदा वाचली. चांगली होती. मुलगी त्याला घणसोलीच्या पलीकडे खाडीवर नेते, बाटली तिरकी करते, आणि तो जाताना एकदाच मागे वळून बघतो.

शेवटचं पान त्यांनीच उलटलं. ते तर काठोकाठ काळं होतं. रेघ नाही, कडा नाही, काही नाही.

"इथे काय होतं?" मी विचारलं.

"इथे रात्र आहे. खाडीवरची. हे पान मी काळंच दिलं होतं." त्यांनी त्यावरून तळवा फिरवला. "हे एक पान तुम्ही बरोबर छापलंत, साडूभाऊ."